डाव्या पायातलं घुंगरू

मिरजगावच्या गुरांच्या दवाखान्यातला गहिनीनाथ डॉक्टर स्कूटरवरून येताना दिसला, की लोकांना आधी त्याचे गुडघे दिसत आणि मग डॉक्टर. माणूस ताडमाड आणि लॅम्ब्रेटा बुटकी. हॅण्डल वळवायचं तर आधी एक गुडघा बाहेर काढून त्याला वाट करून द्यावी लागे. शिवाय सीनेच्या वाळूत तिची इवलीशी चाकं रुतायची, आणि मग आजारी म्हशीच्या मालकालाच डॉक्टरसकट स्कूटर ओढून काढावी लागायची. एवढं असूनही आठ-नऊ वर्षं त्याने तिच्यावर संसार रेटला. पायाशी असलेल्या फळीवर कधी औषधांची पेटी असायची, कधी बाजरीचं पोतं, आणि एकदा तर पाय मोडलेलं वासरू आडवं घालून त्याने दवाखान्यात आणलं होतं.

मागच्या सीटवर मनकर्णा बसायची. लॅम्ब्रेटाला पुढची सीट वेगळी, मागची वेगळी आणि मध्ये चांगली चार बोटांची फट होती. मागच्या सीटला धरायला कडी होती. ती कडी घट्ट धरून, डावीकडे पाय सोडून मनकर्णा अशी बसायची, की चारचौघांत नवऱ्याला हात लावायची वेळ येऊ नये आणि कुणाला बोलायला जागा राहू नये. बाजाराच्या दिवशी दोघं कर्जतला जात. घरात सदा येणारं-जाणारं माणूस, दवाखान्यात गुरं, त्यामुळे नवरा-बायकोला मोकळं बोलायला मिळायचं ते त्या रस्त्यावरच. ती बोलायची आणि तो ऐकायचा. तिचं निम्मं बोलणं वारा घेऊन जाई, उरलेलं त्याला पुरत असे. आठवड्यातलं सगळ्यात मोठं सुख ते हेच, असं त्याला वाटे, पण तसं त्याने तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्या काळी नवी स्कूटर म्हणजे दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. नाव नोंदवायचं आणि विसरून जायचं. नाव नोंदवलं तेव्हा पाळण्यात असलेलं पोर नंबर लागेपर्यंत शाळेत जाऊ लागे. गहिनीनाथ विसरला होता, पण मनकर्णा विसरली नव्हती. तिने रंगसुद्धा ठरवून टाकला होता, फिकट निळा. दोन सीटांसाठी दोन खोळी शिवून ठेवल्या होत्या, जांभळ्या कापडाच्या आणि कडेने पांढरी झालर लावलेल्या. पाथर्डीकडच्या तिच्या माहेरी, खडकवाडीत, ही निळी स्कूटर यायच्या आधीच सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. एकाहत्तर सालच्या आषाढात एकदाचा नंबर आला आणि गहिनीनाथ जुन्या लॅम्ब्रेटावर बसून नगरला गेला.

दुकानातल्या नव्या स्कूटरवर तो बसून बघायला गेला, तर गुडघे होते तिथेच आले. दुकानदार म्हणाला, होईल सवय. गहिनीनाथ मनात म्हणाला, सवय तर झालेलीच आहे, ती मोडायला तर आलो होतो. जुनी लॅम्ब्रेटा भिंगारचा बाबाजान मिस्त्री घेणार होता, म्हणून सही करण्याआधी तो भिंगारला गेला. तेवढ्या एका फेरीने घोटाळा केला.

बाबाजानच्या गॅरेजात लष्कराच्या लिलावातून आलेली एक बुलेट उभी होती. चांगली पंधरा वर्षांची जुनी होती. टाकीचा हिरवा रंग जागोजाग उडालेला, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या फौजी पेट्या. गहिनीनाथ तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि नजरेवरून गिऱ्हाईक ओळखण्यात बाबाजानचा हात धरणारं भिंगारमध्ये कुणी नव्हतं.

‘बसून तर बघा, डॉक्टरसाहेब,’ तो म्हणाला. ‘बसायला काय पैसे पडत नाहीत.’

गहिनीनाथ बसला. दोन्ही गुडघे टाकीच्या दोन अंगांना आपसूक जाऊन बसले. पाय सपाट जमिनीला टेकले, हात ताठ न होता हॅण्डलवर पोचले. उभ्या आयुष्यात त्याच्यासाठी खाट आखूड होती, दार ठेंगणं होतं, एसटीचं सीट अरुंद होतं. आपल्या मापाचीही एक वस्तू या जगात कुणीतरी करून ठेवली आहे, हे त्याला त्या घटकेला कळलं. बाबाजानने किकच्या आधीची छोटी खिट्टी कशी ओढायची ते दाखवलं. मग अगदी निक्षून सांगितलं, की गिअर उजव्या पायात आहे आणि ब्रेक डाव्या पायात. स्कूटरवाल्याचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो, तो इथेच फसतो. गहिनीनाथ म्हणाला, मी शिकलेला माणूस आहे, दोन पायांतला फरक मला कळतो. संध्याकाळपर्यंत त्याने स्कूटरचा नंबर सोडून दिल्याचं दुकानात लिहून दिलं होतं.

मिरजगावात मनकर्णा ओवाळायचं ताट घेऊन अंगणात उभी होती. शेजारच्या दोघीतिघी निळी स्कूटर बघायला आल्या होत्या. आधी धाड धाड असा आवाज आला, मग धूळ आली आणि मग धुळीतून डॉक्टर आला. फाटकातून आत शिरताना त्याने नेहमीसारखा उजवा पाय दाबला. गाडी थांबायची ती दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात गेली आणि अंगणातल्या पाण्याच्या रांजणाला जाऊन भिडली. रांजणाचे दोन तुकडे झाले. ताटातलं निरांजन पाण्याच्या लोंढ्यात कुठल्या कुठे गेलं.

गहिनीनाथ खाली उतरला आणि म्हणाला, ब्रेक जरा नवे आहेत. ही पहिली थाप. एवढं शिकून पाय चुकला म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. मग थाप पचावी म्हणून त्याने गाडीचं कौतुक लावलं. हा गिअर, हा डाव्या पायाचा ब्रेक, ह्या पेट्या, हा विजेचा काटा. मनकर्णाने ओल्या पदराने पाय पुसत सगळं ऐकून घेतलं.

‘रणगाडा हाय ह्यो,’ ती म्हणाली. ‘म्या ह्याच्यावर बसायची न्हाई. आन बसायचं तरी कसं? धरायला कडी न्हाई, पोतं ठिवायला फळी न्हाई. गावादेखत काय तुमच्या गळ्यात पडू?’

झालरीच्या दोन्ही खोळी तिने ट्रंकेच्या तळाशी टाकल्या. पुढच्या बाजाराला ती एसटीने गेली. गहिनीनाथ बुलेटवरून एसटीच्या मागे मागे गेला. खिडकीत ती बसलेली दिसत होती, आणि ती जगातल्या सगळ्या बाभळी बघत होती, फक्त मागे बघत नव्हती. एसटी थांब्यावर थांबली की त्याचा उजवा पाय दाबला जाई आणि तो एसटीला ओलांडून पुढे जाऊन मग गोठ्याच्या नाहीतर टपरीच्या आधाराने थांबे. वाड्यावस्त्यांवरही तेच चाललं होतं. आजारी गाईच्या दारावरून डॉक्टर भरधाव पुढे निघून जायचा आणि थोड्या वेळाने उलटा यायचा. लोकांना वाटे, डॉक्टर फार कामात आहे. गहिनीनाथ सगळ्यांना ब्रेकचंच कारण सांगे.

नागपंचमीला मनकर्णाचा भाऊ तिला न्यायला आला आणि ती माहेरी गेली. पंचमीचे झोके उतरले, राखीपौर्णिमा झाली, तरी परत यायचं ती नाव काढेना. शेवटी सासऱ्यांचा निरोप आला, की पोळ्याला या आणि मनकर्णाला घेऊन जा. निरोपाच्या शेपटाला तिचा स्वतःचा निरोप जोडलेला होता: यायचं तर एसटीने यावं, त्या गाडीवर मी येणार नाही.

गहिनीनाथचे ते दिवस वाईट गेले. बुलेटवर बसलं की तो राजा असे. सीनेची वाळू ती अशी कापत जाई, की जणू तिला वाळू असल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. पण मागची अर्धी सीट रिकामी होती, आणि कर्जतच्या रस्त्यावर कुणी बोलत नव्हतं. गाडी परत द्यावी असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग तो अंगणात जाई, तिच्यावर नुसताच बसे आणि गुडघे जागेवर बसले की विचार बदले. दोन्ही हवं होतं, गाडीही आणि मागे बसणारीही. एसटीने गेलो तर ही गाडी जन्मभर एकट्याची राहील, एवढं त्याला कळत होतं. म्हणून पोळ्याच्या दिवशी सकाळी त्याने बुलेटलाच किक मारली.

नगर मागे टाकलं, करंजी घाट उतरला, आणि दिवस कलायला लागला तेव्हा तो खडकवाडीच्या माथ्यावर आला. तिथून गावच्या वेशीपर्यंत सरळ उतार होता. वेशीपाशी सगळी बैलं जमली होती. शिंगांना हिंगूळ आणि बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगुरमाळा. वेशीत आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं होतं आणि तोरणासमोर सहादेव पाटलांची पांढरी जोडी उभी होती. गावचा रिवाज असा, की पाटलांच्या मानाच्या जोडीने पहिल्यांदा तोरणाखालून जायचं आणि शिंगांनी ते तोडायचं. तोरण तुटलं की मग बाकीची बैलं वेशीच्या आतच असलेल्या मारुतीच्या देवळापुढे जाणार आणि मिरवणूक निघणार. पाटलांच्या आजोबांपासून हा मान कधी चुकला नव्हता.

वेशीबाहेर गाडी थांबवायची, खाली उतरायचं आणि अदबीने चालत आत जायचं, असा गहिनीनाथचा बेत होता. बेत चांगलाच होता. त्याने क्लच ओढला आणि पाय दाबला. उजवा. गाडीने गिअर बदलला आणि उताराला लागून ती पळायला लागली. त्याने आणखी जोरात दाबला. पुढचा हातब्रेक दाबावा, तर लॅम्ब्रेटावर त्या ब्रेकापायी तो दोनदा खडीवर आडवा झाला होता, तेव्हापासून उताराला त्या ब्रेकला तो हात लावत नसे. आता हाती उरला हॉर्न, तो त्याने वाजवला. बुलेटचा हॉर्न व्यायला आलेल्या म्हशीसारखा ओरडला आणि पाटलांची पांढरी जोडी, जिने आजवर कुणाला वाट दिली नव्हती, ती दोन अंगांना झाली. मधून जावई गेला. तोरण त्याच्या टोपीला अडकलं, तुटलं आणि निम्मं गळ्यात आलं. घाबरून त्याने क्लच सोडला तशी गाडीने आचका दिला आणि मारुतीच्या देवळापुढे बरोब्बर मधोमध ती बंद पडली.

घुंगुरमाळासुद्धा वाजायच्या थांबल्या. गहिनीनाथ गळ्यात तोरण घेऊन गाडीवर बसून राहिला. त्याचे सासरे श्रीमंतमामा बैलांचा कासरा हातात धरून उभे होते. बैलाची पारख करण्यात या माणसाचं नाव पंचक्रोशीत होतं, आणि आज त्यांच्याच जावयाने गावाचा मान मोडला होता. त्यांची मान खाली गेली.

‘ब्रेक लागला नाही,’ गहिनीनाथ म्हणाला.

पाटील काठी टेकत पुढे आले. ते रागावले होते, पण आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी श्रीमंतमामांना सांगितलं, की तुमची मनकर्णा पंचमीपासून गावाला सांगतेय ते खरंच निघालं, गाडी खुळी आहे. आज बैलं होती, उद्या पोरंबाळं असतील. पोरांनो, ढकला ती वेशीबाहेर, आणि डॉक्टर उद्या एसटीने जातील. चारपाच गडी बाह्या सावरून पुढे झाले.

गहिनीनाथला गाडीचं फार वाटलं नाही. त्याची नजर मनकर्णाला शोधत होती. वेशीलगतच्या घराच्या ओट्यावर बायका उभ्या होत्या, त्यांतून ती उतरून येत होती. आज हिच्या माहेरात हिची मान खाली घातली, आता ही या गाडीवर तर नाहीच बसायची, पण एसटीतसुद्धा आपल्या शेजारी बसेल की नाही, असं त्याच्या मनात आलं.

मनकर्णा येऊन समोर उभी राहिली. त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं, काही मोडलेलं दिसेना तेव्हा एक सुस्कारा टाकला. मग ती त्याच्या पायांकडेच बघत राहिली. गडी गाडीला हात घालणार तेवढ्यात तिने त्यांना थांबवलं.

‘गाडी खुळी न्हाई,’ ती म्हणाली. ‘म्या वट्यावरनं बगितलं. उतारभर ह्यांचा उजवा पाय दाबत हुता आन डावा पाटावर जेवायला बसल्यावानी निवांत हुता. बिरेक डाव्या पायात हाय, पयल्या दिवशी तुमीच सांगितलं मला. व्हय का न्हाई?’

गहिनीनाथने होकाराची मान हलवली.

‘मंग रांजण बी असाच फुटला?’

त्याने पुन्हा मान हलवली. सगळ्या गावापुढे, गळ्यात तोरण घालून, तो शेवटी म्हणाला की ब्रेक पहिल्या दिवसापासून चांगला आहे, चूक माझ्या पायाची आहे. म्हणाला आणि त्याला बरं वाटलं. इतके दिवस ती थाप सांभाळणं गाडी सांभाळण्यापेक्षा अवघड झालं होतं.

तेव्हा श्रीमंतमामांची मान पहिल्यांदा वर झाली. शेतकऱ्याला कळेल असं काहीतरी आता समोर आलं होतं. जोडीतल्या प्रत्येक बैलाचं एक अंग ठरलेलं असतं. वर्षानुवर्षं उजवीकडे चाललेला बैल एकाएकी डावीकडे जुंपला, की तो शहाणा असूनही खुळ्यासारखा करतो. वळायचं तिथे उभा राहतो आणि उभं राहायचं तिथे चालू लागतो. बैल वाईट नसतो आणि औतही वाईट नसतं.

‘आरं, उजव्या अंगाचा बैल डाव्या अंगाला जुपलाय,’ ते म्हणाले. ‘एवढंच हाय व्हय?’

हसायला सुरुवात कुणी केली ते कळलं नाही, पण वेशीपाशी उभा असलेला सगळा गाव हसला. डॉक्टर गुरांचा, आणि दुखणंही गुराचंच निघालं. गहिनीनाथही हसला. हसले नाहीत ते एकटे पाटील, कारण तोरणाचा प्रश्न तसाच लोंबत होता.

तोरण पुन्हा बांधावं असं एकाने सुचवलं. पाटलांनी नकार दिला. वर्षाला तोरण एकच, असं ते म्हणाले. आजोबांनी मोडला नाही तो रिवाज मी मोडणार नाही. मग त्यांनी आपल्या पांढऱ्या जोडीकडे बघितलं. ती दोघं मजेत एकमेकांच्या झुली चाटत होती. त्यांना मानाचं काही पडलेलं नव्हतं. पाटलांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

‘ज्यानं तोरण तोडलं त्यानं मिरवणुकीच्या म्होरं चालायचं,’ ते म्हणाले. ‘तवा आज ह्यो हिरवा बैल म्होरं. पर आमच्यात पोळ्याला एकटा बैल मिरवत न्हाईत. जोडी लागती. जोडीदार आना, न्हाईतर गाडी वेशीबाहीर न्या.’

आता सगळे मनकर्णाकडे बघायला लागले. गहिनीनाथने मात्र बघितलं नाही. तिच्यावर गावाचा भार पडावा असं त्याला वाटत नव्हतं. आली तर आपणहून यावी, नाही आली तर गाडी बाबाजानला परत, असं त्याने त्या क्षणी ठरवून टाकलं आणि तो गळ्यातलं तोरण सोडवत बसला.

मनकर्णा वडिलांच्या बैलाकडे गेली. त्याच्या घुंगुरमाळेतलं एक घुंगरू तिने सोडवलं, मग गाडीपाशी येऊन खाली बसली आणि ते नवऱ्याच्या डाव्या बुटाच्या नाडीत ओवून दोन गाठी मारल्या. नव्या अंगाला शिकवायच्या बैलाच्या त्या बाजूच्या पायात तिचे वडील असंच घुंगरू बांधत, म्हणजे बैलाला त्या पायाची याद राहते. बांधून झाल्यावर तिने त्याचा पाय हाताने हलवून बघितला. तो वाजला.

‘ह्यो पाय,’ ती हळूच म्हणाली. ‘बाकीचं म्या सांगते.’

आणि मग सबंध माहेरादेखत, वडील आणि पाटील समोर उभे असताना, ती मागे बसली. डावीकडे पाय सोडून, नेहमीसारखी. धरायला कडी शोधायला हात पुढे गेला, कडी नव्हतीच. हात घटकाभर तसाच अधांतरी राहिला. मग तो गहिनीनाथच्या खांद्यावर येऊन टेकला. इतक्या वर्षांत चारचौघांत तो हात तिथे पहिल्यांदाच आला होता. बायकांमध्ये कुजबुज झाली. मनकर्णाने पदर सावरला आणि खांदा आणखी घट्ट धरला. गहिनीनाथला वाटलं, आता गाडी सुरू नाही झाली तरी चालेल.

पण ती सुरू झाली. पुढे वाजंत्री, मागे बुलेट, तिच्या हॅण्डलला पाटलांनी स्वतःच्या हाताने बांधलेले गोंडे, तिच्या मागे पांढरी जोडी आणि मग सगळं गाव. दर घरापुढे मानाच्या बैलाला थांबावं लागतं आणि ओवाळून घ्यावं लागतं. प्रत्येक दार जवळ आलं की कानामागून आवाज यायचा, ‘डावा’, आणि घुंगरू वाजायचं आणि गाडी थांबायची. सासूबाईंनी, म्हणजे गोजरबाईंनी, बुलेटच्या दिव्याला कुंकू लावलं आणि पुरणपोळी कुणाच्या तोंडात घालायची असा प्रश्न पडल्यावर ती जावयाच्या तोंडात घातली. शेवटी शेवटी तर बारकी पोरंच आधीपासून ओरडायला लागली, ‘डावा, डावा’.

दुसऱ्या दिवशी निघताना फौजी पेट्यांचा खरा उपयोग मनकर्णाने शोधून काढला. एकीत औषधं होती. दुसरीत तिने मुगाच्या शेंगा, आईने दिलेलं तूप आणि कुरडयांचं गाठोडं कोंबून बसवलं आणि झाकण लावून वर मूठ आपटली. स्कूटरच्या फळीवर एवढं मावलं नसतं हे तिने कबूल केलं नाही, पण पेटी मात्र दोनदा उघडून बघितली.

करंजी घाट चढताना गाडीच्या धडधडाटात काहीच ऐकू येईना. लॅम्ब्रेटावर ती वाऱ्याशी बोलल्यासारखी बोलायची. इथे बोलायचं तर कानाशी यावं लागत होतं. पहिल्या वळणापर्यंत ती लांबूनच ओरडली, मग ओरडून दमली आणि खांद्यावरून पुढे झुकली. पंचमीपासून साचलेलं सगळं तिने सांगायला घेतलं. भावजयीचं, पाटलांच्या सुनेचं, झोक्यावरून पडलेल्या मावशीचं. मधे मधे वळण आलं की गोष्ट तशीच ठेवून ‘डावा’ म्हणायची आणि वळण सरलं की जिथे सोडली होती तिथून गोष्ट उचलायची. वारा काही नेत नव्हता. गहिनीनाथला सगळंच्या सगळं ऐकू येत होतं.

दसऱ्याला गाडी धुतली तेव्हा ट्रंकेच्या तळाच्या दोन्ही खोळी बाहेर आल्या. मनकर्णाने त्या उसवल्या, एकमेकींना जोडल्या आणि त्यांची एक लांबलचक खोळ केली. बुलेटच्या अखंड सीटवर ती बरोबर बसली, फक्त मधोमध झालरीची एक रेघ राहिली. गहिनीनाथ म्हणाला, ती रेघ काढून टाक. तिने काढली.

घुंगरू त्याच सुमारास कर्जतच्या रस्त्यावर कुठेतरी तुटून पडलं. पडलं ते त्याच्या लक्षात आलं आणि तेवढ्यात समोर शेळ्यांचा कळप आला. त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, आणि आपण डावा पाय दाबला हे त्याला थांबल्यावर कळलं. पाय शिकला होता. कधी शिकला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मागे मनकर्णा डावीकडे पाय सोडून बसलेली, म्हणजे त्याचा पाय तिच्या अगदी डोळ्यांसमोर होता. बुटाच्या नाडीत घुंगरू नाही, आणि तिने काही सांगण्याआधीच गाडी थांबली, हे तिने बघितलं असणारच. आता ही काय म्हणते, म्हणून गहिनीनाथ जीव मुठीत धरून वाट बघत राहिला. एकदा बैल शिकला की त्याच्या कानाशी कुणी सांगत बसत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलीला सांगायला नको होतं.

शेळ्या निघून गेल्या. गाडी पुढे निघाली. थोडं अंतर गेल्यावर ओढ्याचं वळण आलं. मनकर्णा पुढे झुकली, तिचा हात खांद्यावर घट्ट झाला.

‘डावा,’ ती कानात म्हणाली.

‘बरं झालं सांगितलंस,’ गहिनीनाथ म्हणाला, आणि त्याने डावा पाय दाबला.